खाऱ्याचं पाणी

तिसरी कोंबडी खुराड्याच्या दारातच आडवी झाली होती. सरूबाईने खाली बसून तिला उचललं तेव्हा अंग अजून कोमट होतं, पण मान हातातून खाली घसरली आणि चोचीतून पाण्याची धार लागली. काल संध्याकाळी एक गेली, तेव्हा म्हातारी झाली होती म्हणून सोडून दिलं. पहाटे दुसरी गेली. आता ही तर यंदाचीच तलंग, अंड्यावर येऊन महिना झाला नव्हता.

"किती झाल्या?" कुंपणापलीकडून शकुने विचारलं.

"तीन."

"मना वाटलाच. हितेशनं फोटो टाकला ग्रुपवर. फोन बी केला त्यानं. दुपारला जनावरांचे डॉक्टर येतील."

हितेश हा शकुचा मुलगा. गोराईच्या कोळीवाड्यात नळाचं पाणी येवो न येवो, ती बातमी सगळ्यात आधी हितेशच्या फोनवरून फिरायची. मेलेली कोंबडी सरूबाईने पदराआड धरली, जणू आता लपवून काही उपयोग होता.

आठ दिवस टीव्हीवर तेच चाललं होतं. कुठल्यातरी जिल्ह्यात कोंबड्यांची साथ आली होती. पांढरे झगे घातलेली माणसं कोंबड्या गोणीत भरून नेत होती, आणि ज्या घरात रोग सापडला तेवढ्याच घरच्या नव्हे, आसपासच्या सगळ्यांच्या. कोळीवाड्यात ते बघून सगळ्यांना धास्ती बसली होती, कारण गावदेवीची जत्रा नऊ दिवसांवर होती आणि दर दोन-तीन घरांआड एक कोंबडा देवीच्या नावाने सोडलेला होता. शकुचाही होता. गेल्या पावसाळ्यात तिची नात नेत्रा तापाने फणफणली, चार दिवस डोळे उघडेना, तेव्हा शकुने देवीला कोंबडा बोलला होता. पोर बरी झाली. कोंबडा दहा महिन्यांचा झाला होता, पायाला लाल चिंधी, ऐटीत चालायचा, आणि घरातलं कुणी त्याच्यावर साधा हातसुद्धा उगारत नसे.

"सरू," शकु कुंपणाला धरून हळूच म्हणाली, "माज्या कोंबऱ्याला नेला ना, तर देवीला मी काय सांगू? तूच सांग."

बोरिवलीच्या बाजारात दोघी तीस वर्षं एकमेकींच्या शेजारी पाटी मांडून बसत होत्या. शकुने या आवाजात आजवर कधी विचारलं नव्हतं. सरूबाईला ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

"रोग नसंल गो," ती म्हणाली.

"मंग काय हाय?"

सरूबाई कोंबडी घेऊन ओट्याकडे वळली.

तिचा नवरा भिकाजी ओट्यावर बसून तांदळाची कणी निवडत होता. कोंबड्यांनाच घालायची कणी, तिला निवडायचं काय कारण, पण त्याला निवडायला आवडायचं. बहात्तर वर्षांचं अंग अजून ताठ होतं आणि दोरखंड ओढून ओढून तळवे चामड्यासारखे झालेले होते. तीस वर्षं तो तांडेल होता, होडीवरची माणसं आणि जाळं सगळं त्याच्या शब्दावर चालायचं. धुकं पडलं की तो वाकून बोट पाण्यात बुडवायचा, जिभेवर ठेवायचा आणि सांगायचा, खाडीचं तोंड आलं, भरती लागली, आता वळवा. बोटीवरचे तरुण हसायचे आणि मग तो म्हणे तिथेच वळवायचे, कारण तो चुकत नसे.

दीड वर्षापूर्वी तो चुकायला लागला. आधी नावं गेली, मग दिवस. मग एकदा गॅस तसाच चालू ठेवून तो बाहेर पडला, आणि एकदा धक्क्यावर दुसऱ्याच कुणाच्या होडीत जाऊन बसला तो संध्याकाळपर्यंत. आपली माणसं अजून का येत नाहीत म्हणून वाट बघत राहिला. त्या दिवशी निमेश, त्यांचा एकुलता एक मुलगा, बोरिवलीहून धावत आला आणि आईला बाजूला घेऊन म्हणाला, "आये, दोनदा झालं. आता तिसऱ्यांदा काही झालं ना, तर मी तुझं ऐकणार नाही. दोघांना घेऊन जाईन."

मुलगा वाईट नव्हता. त्याचा अकराव्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट होता आणि त्यातली एक खोली त्याने आईबापासाठी रंगवून ठेवली होती. सून हेमांगीही मायेची. पण गेल्या दिवाळीत तिथे आठ दिवस राहिले, तेव्हा काय झालं ते सरूबाईने पाहिलं होतं. भिकाजीला रात्रीचा संडास सापडेना. लिफ्टच्या आरशातल्या म्हाताऱ्याला तो वाट द्यायला बाजूला व्हायचा. दिवसभर गॅलरीत उभा राहून तो पाणी कुठे आहे ते शोधत असे, आणि तिसऱ्या दिवसापासून त्याने बोलणं टाकलं. इथे परत आणल्यावर तो जेट्टीवरून सरळ मागच्या अंगणात गेला आणि वांग्याच्या झाडाची पिवळी पानं खुडत बसला. अर्ध्या तासाने म्हणाला, "चहा ठेव गो." तेव्हा सरूबाई चुलीपाशी जाऊन रडली होती.

मागचं अंगण म्हणजे काय, वीस पावलांची पट्टी. एका अंगाला घर, दुसऱ्या अंगाला बांध आणि पलीकडे खाडीतल्या तिवरांची झाडी. त्यात वांगी, मिरच्या, लाल माठाचे दोन वाफे, मांडवावर घोसाळी. भोवती होडीचं जुनं जाळं ताणलेलं, नाहीतर कोंबड्यांनी एका सकाळीत सगळं उकरून ठेवलं असतं. माठ उपटून झाला की त्या वाफ्यापुरतं जाळं तो वर करायचा. मग कोंबड्या आत शिरून किडे वेचायच्या, माती भुसभुशीत करायच्या आणि खतही टाकून जायच्या. कोणता वाफा कधी मोकळा करायचा, कोणती कोंबडी अंडी उबवायला खुडूक बसलीय, कोणत्या मिरचीला आळं करायचंय, यात त्याची एकदाही चूक झाली नव्हती. त्या वीस पावलांत तो अजून पूर्वीचा तांडेल होता. सरूबाईचा सगळा जीव त्या पट्टीत अडकला होता तो त्यामुळे, वांग्या-मिरच्यांमुळे नव्हे.

फोन वाजला. निमेशच होता.

"आये, हेमांगीनं ग्रुपवर बघितलं. काय चाललंय तिकडे?"

"काय नाय रं. कोंबऱ्या मेल्या दोन-तीन."

"मी रजा टाकलीय. दहाच्या फेरीबोटीनं येतो." मग त्याने विचारलं, "बाबांनी काही केलंय का?"

"त्याचा काय संबंध?" ती पटकन म्हणाली. इतक्या पटकन म्हणायला नको होतं, हे फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं.

ती अंगणात आली. उरलेल्या आठातल्या कुठल्याच कोंबडीचं लक्षण ठीक नव्हतं. एक नळाच्या तोटीखाली उभी राहून ठिबकणारा थेंब थेंब चोचीत घेत होती, दुसरी तिला ढकलत होती. कोंबडा भिंतीला टेकून पाय फाकून बसला होता, उठायला गेला की दारू प्यायल्यागत एका अंगाला कलंडायचा. कोंबड्यांच्या साथी सरूबाईने लहानपणापासून पाहिल्या होत्या. मान टाकतात, डोळे मिटतात, पाण्याला तोंड लावत नाहीत. या तर पाण्यासाठी वेड्या झाल्या होत्या.

मग तिची नजर वाफ्यांवर गेली. माती ओली होती, चांगली काळीभोर ओली, आणि तरीही मिरच्यांनी माना टाकल्या होत्या. माठाच्या पानांच्या कडा करपलेल्या. जिथे ऊन आलं होतं तिथे मातीवर पांढरट साय धरली होती. सरूबाई वाकली. ओल्या मातीत बोट खुपसून तिने जिभेला लावलं.

मीठ.

ती तशीच उठून घराच्या सावलीच्या बाजूला गेली. तिथे भिंतीला लागून तिचं निळं पिंप होतं, खाऱ्याचं. मुशी आणि सुरमई चिरून मिठात थरावर थर लावायची, वर दगड ठेवायची, आणि माशांचं पाणी सुटून त्यात मीठ विरघळलं की तेच पाणी माल टिकवायचं. पंचेचाळीस वर्षं ती खारा करत होती. तिच्या हातचा खारा न्यायला बोरिवलीच्या इमारतींतल्या बायका वाट बघून थांबायच्या. परवा तिने पिंपात पाणी बघितलं तेव्हा ते दगडाच्या वर होतं. आता दगड कोरडा होता, पाणी वीतभर खाली गेलं होतं, आणि पिंपाच्या झाकणावर भिकाजीचा पाणी घालायचा पत्र्याचा डबा उपडा ठेवलेला होता, नेहमी ठेवायचा तसा नीट.

ती पिंपाला टेकून खाली बसली.

कारण आता तिला सगळंच दिसलं. त्या जागेवर, भिंतीच्या त्या कोपऱ्यात, वर्षानुवर्षं दुसरंच पिंप असायचं, मासे धुतलेल्या पाण्याचं. वाड्यातल्या सगळ्या घरांत ते पाणी झाडांना घालतात, मिरची त्यावर पोसते. भिकाजी सकाळी उठला की त्या कोपऱ्यात जाऊन डब्याने ते पाणी काढायचा, वाफ्यांना घालायचा, आणि त्याच डब्याने शेजारच्या टाकीतलं नळाचं पाणी कोंबड्यांच्या घमेल्यात ओतायचा. वस्तू तो आता नावाने ओळखत नसे, जागेवरून ओळखायचा. भिकाजीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, घरात काही हलवू नका. सरूबाईने वर्षभर चमचासुद्धा हलवला नव्हता. परवा मात्र खाऱ्याच्या पिंपावर ऊन यायला लागलं, माल खराब होईल म्हणून तिने ते सावलीत सरकवलं, मासे धुतलेल्या पाण्याचं पिंप पलीकडे नेलं आणि टाकी बांधापाशी. संध्याकाळी परत ठेवू म्हणाली आणि विसरली. काल पहाटेच ती बाजाराला गेली होती.

तो बिचारा आपल्या जागेवर गेला होता, आणि तिथे खाऱ्याचं एकच पिंप होतं. हलवलं तिने होतं.

"अवो," ती ओट्यापाशी येऊन म्हणाली, "झाडांना पानी घातला का?"

"घातला ना. काल बी, आज बी."

"न कोंबऱ्यांना?"

"त्यांना बी. रोज घालतो ना मी." त्याने कणीतला एक खडा काढून बाजूला ठेवला. "काय झाला?"

"काय नाय."

तिने घमेलं उचललं, त्यातलं पाणी बांधापलीकडे फेकलं, घमेलं घासलं आणि नळाच्या पाण्याने काठोकाठ भरून कोंबड्यांपुढे ठेवलं. कोंबड्या तुटून पडल्या. तिला वाटलं, झालं, पितील आणि सावरतील. पण पाव तास झाला नसेल, सगळ्यात जास्त प्यायलेल्या दोघींच्या माना पाठीकडे वळल्या, पाय ताठ झाले, आणि दोन्ही तिथेच फडफडून थंड झाल्या. सरूबाई हातात फडकं घेऊन बघत राहिली.

पाच गेल्या. आता तिला डॉक्टरची भीती वाटू लागली, डॉक्टर येणार म्हणून, आणि त्याहून जास्त, डॉक्टर विचारणार म्हणून.

खरं बोलावं, तर वाड्यातल्या सगळ्या कोंबड्या वाचत होत्या, शकुचा देवीचा कोंबडा वाचत होता. पण कुणी घातलं हा प्रश्न आला की निमेशची तिसरी वेळ भरत होती. गप्प बसावं, तर डॉक्टर रोगाचाच संशय धरणार. आणि मीच चुकून घातलं म्हणावं, तर सरूबाईने खाऱ्याचं पाणी ओळखलं नाही हे वाड्यातलं शेंबडं पोरही मानणार नव्हतं. मानलंच, तर निमेश म्हणणार, आता आयेचंही डोकं चाललं नाही, आता तर दोघांना एकटं ठेवायलाच नको. कुठूनही गेलं तरी ती वाट त्या अकराव्या मजल्यावर जात होती. तिने डबा धुऊन फळीवर ठेवला, परत काढला, परत झाकणावर ठेवला.

निमेश साडेदहाला आला. चपला न काढताच मागे गेला, मेलेल्या कोंबड्या पाहिल्या, बापाच्या पाया पडला. भिकाजीने त्याच्याकडे बघून ओळखीचं हसू केलं आणि विचारलं, "बर्फ भरला का?" होडीत बर्फ भरला का, असं. निमेश "भरला" म्हणाला आणि आईकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, पण ठरवलेलं काहीतरी होतं.

डॉक्टर बारा वाजता आली. श्वेता नाव, तिशीची असेल, पायात गमबूट, तोंडाला मास्क, बरोबर पेटी उचलायला एक माणूस. हितेश रस्ता दाखवत पुढे, आणि मागे निम्मा वाडा. शकु सगळ्यांच्या मागे होती आणि तिने तो लाल चिंधीवाला कोंबडा कडेवर घेतला होता, घरी ठेवायचा धीर झाला नसावा.

डॉक्टरने हातमोजे घातले, एकेक कोंबडी उलटसुलट करून पाहिली, चोची उघडल्या. "खायला काय देता?"

"कणी. भाजीचा पाला," सरूबाई म्हणाली.

"पाणी?"

"नळाचा."

"पाच एका दिवसात." डॉक्टर उभी राहिली. "हे बघा, मी नमुने पाठवते. रिपोर्ट येईपर्यंत वाड्यातल्या सगळ्या कोंबड्यांची यादी करायची. कुणी विकायची नाही, बाहेर काढायची नाही, कापायची नाही. रिपोर्ट वाईट आला तर पुढचं मला वरून विचारावं लागेल."

"जत्रा नऊ दिवसांवर हाय मॅडम," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"मला कळतंय. माझ्या हातात नाही."

एकदम कालवा झाला. एक बाई हितेशवर ओरडली, तुला फोन करायची काय घाई होती. हितेश म्हणाला, उद्या माणसं मेली असती तर? कुणी म्हणालं, यांच्यामुळे सगळ्या गावाची वाट लागली. शकु बांधावर बसली, कोंबड्याचं डोकं तिने तळव्याखाली झाकून धरलं होतं, आणि कोंबडा तिच्या मांडीवर मुकाट पडला होता. ते सरूबाईला बघवेना.

"रोग नाय," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. बाजारात गिऱ्हाईक बोलावताना लावायची तो आवाज तिने लावला. "रोग नाय ह्यो. खाऱ्याचा पानी प्यायल्या कोंबऱ्या. झाडं बघा माजी, ती बी जळली."

डॉक्टर वाफ्यापाशी गेली, पानं चुरगळली, मातीवरची साय नखाने खरवडली. मग तिने मास्क खाली केला. "दाखवा मला ते पाणी."

सरूबाईने पिंपाचं झाकण काढलं. तांबूस, दाट, वास मारणारं पाणी, मासे धुतलेल्या पाण्यासारखंच दिसायला.

"हे कोंबड्यांना कुणी दिलं?"

पिंपाभोवती पंधरा-वीस माणसं होती. सगळ्यांना माहीत होतं त्या अंगणात पाणी कोण घालतं. हितेशने मान खाली घातली. निमेश पुढे आला.

"आये, खरं सांग."

"मी," सरूबाई म्हणाली.

"तू? पंचेचाळीस वर्षं खारा करतेस तू."

"मी बोलली ना तुना."

"आये, बस झालं ना आता. मी काय भांडायला आलोय का? मला फक्त सांग, बाबांनी..."

माणसं बाजूला सरली म्हणून तो थांबला. भिकाजी ओट्यावरून उठून आला होता. इतकी गर्दी आपल्या अंगणात कशाला, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं, पण धक्क्यावर माणसं जमली की तांडेल जसा मधून वाट काढत येतो तसाच तो आला. मेलेल्या कोंबड्या त्याला दिसल्या. तो त्यांच्यापाशी क्षणभर थांबला, मग पिंपापाशी आला, वाकला, आणि त्याने बोट पाण्यात बुडवून जिभेवर ठेवलं.

सरूबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. निमेशही. ती जीभ चुकली तर आता सगळं संपणार होतं, आणि चुकली नाही तरीही.

"खाऱ्याचा पानी," भिकाजी स्वच्छ आवाजात म्हणाला. "मुशीचा. चार दिसांचा." त्याने गर्दीवरून नजर फिरवली. "यो कोंबऱ्यांना कोनी पाजला?"

एका म्हाताऱ्याने तोंड दुसरीकडे वळवलं.

"कोनी पाजला, विचारतोय मी."

"मी पाजला," सरूबाई म्हणाली. "पिंप मी हलवला. माजीच चूक."

तो तिच्याकडे वळला. लग्न झाल्यापासून त्याने चारचौघांत तिला कधी वेडंवाकडं बोललं नव्हतं. बोटीवर तो माणसांना शिव्या घालायचा, घरी आला की आवाज खाली. आज त्याने तो बोटीवरचा आवाज काढला.

"तांडेलाची बायको तू. पियाचा पानी न खाऱ्याचा पानी वलखता येत नाय तुना? मुका जीव ह्यो. तो काय बोलनार हाय? तू देशील तो पिनार. जरा चाखून बघाचा व्हता. एक बोट लावाचा व्हता जिभेला. तेवढा बी नाय झाला तुज्यानं?"

सरूबाई मान खाली घालून उभी होती. पदराचं टोक तिने दोन्ही हातांत धरलं होतं. सगळा वाडा ऐकत होता, जिच्या खाऱ्यासाठी गिऱ्हाइकं थांबायची ती बाई नवऱ्याची बोलणी खात होती, आणि बोलणारा कोण आहे, केलं कोणी, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बांधावर बसलेल्या शकुने डोळ्यांना पदर लावला. सरूबाईच्या मनात मात्र एक विचित्र समाधान होतं. त्याची जीभ शाबूत होती.

"चुकला माजा," ती परत म्हणाली.

"मंग आता बघत काय उभी ऱ्हायलीस? त्यो घमेला उचल आधी." त्याने स्वतःच घमेलं उचलून पाणी ओतून टाकलं. "तान लागली म्हनून भडाभडा नाय पाजाचा. समुद्राचा पानी प्यायलेल्या मानसाला काय देतात? चमचा चमचा. एकदम दिला तर जातो तो. चमचा आन."

डॉक्टरने निमेशकडे पाहिलं. "बरोबर सांगतायत ते. थोडं थोडंच द्यायचं. हे कुणी शिकवलं यांना?"

"दर्यानं," निमेश म्हणाला. मग तो घरात गेला आणि चमचे घेऊन आला.

डॉक्टरने नमुने घेतलेच, नियम होता. पण कागदावर तिने बराच वेळ लिहिलं, झाडांचे फोटो काढले, पिंपातलं पाणी बाटलीत भरून घेतलं, आणि निघताना हितेशला सांगितलं की रिपोर्ट येईपर्यंत कोंबड्या घरात ठेवा, पण तिच्या मते ही साथ नाही आणि देवीच्या कोंबड्यांना कुणी हात लावणार नाही. वाडा पांगला. जाताना शकु सरूबाईपाशी थांबली. तिने कडेवरचा कोंबडा क्षणभर सरूबाईच्या हातात दिला आणि मग परत घेतला.

चार वाजेपर्यंत सहांतल्या पाच जगल्या, कोंबडा धरून. भिकाजी मांडवाखाली बसून एकेकीला मांडीवर घेत होता, चोच दोन बोटांत धरून चमचा लावत होता आणि खाली सोडत होता. निमेश वाफ्यांना नळाचं पाणी सोडत होता. मीठ धुऊन काढायला दोन-तीन दिवस तरी जातील, असं भिकाजीनेच त्याला सांगितलं होतं, आणि माठाची आशा सोड, वांगी जगतील, असंही.

पाईप बंद करून निमेश आईपाशी आला. ती पिंपापाशी बसून होती.

"आये, मला सगळं कळतंय," तो हळू आवाजात म्हणाला. "मी आंधळा नाही."

"मना ठाव हाय."

"मग असं किती दिवस?"

"पिंप मी हलवला व्हता, निमेश. देवीशपथ. ऊन येतं म्हनून. तो आपल्या जागेवर गेला, मीच जागा बदलली." तिने त्याच्याकडे पाहिलं. "ह्यो पिंप उचल आता. मासे शकुला दे, तिच्याकडं टाकी हाय. पानी खाडीत ओत. न पिंप धू."

"अगं, मग तू बाजारात काय नेणार?"

"नाय जानार बाजारात. खारा बंद."

निमेश तिच्याकडे बघत राहिला. पंचेचाळीस वर्षांचं काम बाईने भाजी चिरताना बोलावं तसं बोलून संपवलं होतं. त्याला कदाचित तिथे काहीतरी म्हणायचं होतं, फ्लॅटबद्दल, रंगवलेल्या खोलीबद्दल. पण त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पिंप बांधावर घेतलं. तांबूस पाणी तिवरांच्या मुळांमधून खाडीत उतरलं. मग तो सहाच्या फेरीबोटीने गेला. रविवारी येतो म्हणाला, एवढंच.

सरूबाईने मासे धुतलेल्या पाण्याचं पिंप ओढत आणून कोपऱ्यात ठेवलं, आणि टाकी त्याच्या शेजारी, दोन्ही जिथल्या तिथे. रिकामं निळं पिंप तिने बांधाजवळ उपडं केलं. बुडाला अजून मीठ चिकटलेलं होतं, ते घासूनही निघत नव्हतं.

भिकाजी मांडवाखालून तिच्याकडे बघत होता. दुपारचा राग त्याच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता, पण कसलीतरी आठवण अजून टिकून होती.

"खारा नाय करनार आता?"

"नाय."

"का गो?"

"माजा हात चुकतो आता."

त्याने मांडीवरची कोंबडी खाली सोडली आणि बसल्या जागेवरून थोडं सरकून तिच्यासाठी जागा केली.

"होतं," तो म्हणाला. "मनाला नको लावून घेऊ. वय झाला गो तुजा."

"व्हय," सरूबाई म्हणाली आणि त्याच्याशेजारी बसली. त्याने तिच्या हातात चमचा दिला, चमचा कसा धरायचा ते दाखवलं, आणि दुसरी कोंबडी उचलून तिच्या मांडीवर ठेवली.